कणगीला कुलूप

धाकटे,

काल रात्री साडेदहाला तुझा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि खाली एकच ओळ. ‘ताई, रक्त कमी आहे म्हणे, पण लोहाचा साठा तर चांगला दाखवतोय. मग गोळ्या घेऊ की नको?’ फोटो तिरका, त्यावर ट्यूबलाइटची चमक, निम्मे आकडे पुसट. चष्मा लावून, मोठा कर-करून वाचला. हिमोग्लोबिन ९.४, पुढे खाली तोंड केलेला बाण. फेरिटिन १६८, पुढे बाण नाही की काही नाही. तू त्या न आलेल्या बाणावरच खूश झालीस ना? बाण नाही म्हणजे सगळं ठीक, असंच वाटतं आपल्याला.

मला मात्र तो कागद वाचताना आखाजीचा सण आठवला. दोघी माहेरी होतो. वहिनीने चुलीवर खापर पालथं घातलं होतं, पुरण वाटून तयार, कणीक तिंबून मऊसूत. मांडे म्हटलं की पदर खोचून पुढे होणारी तू. दोन्ही हातांवर मांडा फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवत नेणं आपल्या घरात तुझ्याइतकं कुणाला जमत नाही. आणि त्या सकाळी तू म्हणालीस, ‘आज वहिनी करतील, माझे हात झोपेत अवघडलेत.’ दुपारी निंबाला झोका बांधला, तेव्हा मात्र तेच हात दोरी घट्ट धरून होते. मी पाहिलं आणि बोलले नाही. बोलायला हवं होतं.

म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. पण गेली सात वर्षं दर तीन महिन्यांनी दंडाला पट्टा बांधून तपासणीला रक्त देते, तेव्हा या आकड्यांशी माझी चांगली ओळख झालीय.

आधी माझा शहाणपणा ऐक. आपल्या आईचं निदान ठरलेलं असायचं. अंगठ्याने खालची पापणी ओढायची, आत पांढुरकं दिसलं की म्हणायची, ‘तुना आंगमा रगतच नही.’ लगेच गूळ-शेंगदाणे हातावर. पापणी बघण्यात तिचं काही चुकत नव्हतं, डॉक्टरही तेच बघतात. चूक त्याच्या पुढची. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे आपण सगळ्याच धरून चालतो. दुखणंही इतकं घरोघरचं आहे की कुणी खोलात जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के जणींचं रक्त कमी निघालं. म्हणजे पंगतीत बसलेल्या दर दुसऱ्या बाईचं. मग थकवा आला की आपणच आपल्याला सांगतो, बायकांचं असंच असतं.

मीही तेच केलं. हिमोग्लोबिन ९.१ होतं. गोळ्या मिळाल्या, त्या आठ महिने गिळल्या. पोट बिघडलं, शौचाला काळं झालं, तोंडाची चव गेली. आठ महिन्यांनी हिमोग्लोबिन किती? ९.३! ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांनी गोळी बदलली, मग सिरप दिलं. माझं लोह नीट मोजून पाहावं असं ना त्यांच्या मनात आलं, ना माझ्या. शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, ‘सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?’ मी म्हटलं, ‘पोहे होईपर्यंत.’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘पोहे किती वाजता होतात?’ हिशेब केला तर दीड तास निघाला. दोन तपासण्या वाढवल्या आणि आमवात ठरला, ज्याला ते रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. माझं रक्त त्या सुजेने कमी झालं होतं. आमवाताचं औषध सुरू झालं आणि सहा-सात महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ वर गेलं, लोहाची एकही गोळी न घेता.

आता हे कसं होतं ते बघ. एकदा कळलं की रिपोर्ट आपोआप वाचता येतो.

आपल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. जुनी पेशी मोडली की तिच्यातलं लोह शरीर फेकून देत नाही, झाडून-पुसून परत वापरतं. रोजच्या नव्या रक्ताला २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं आणि ते जवळजवळ सगळं या मोडीतून येतं. जेवणातून रोज आत शिरतं ते अवघं एक-दोन मिलिग्रॅम. म्हणजे घर चालतं ते कणगीतल्या धान्यावर, बाजारातून येतं ते वरखर्चापुरतं.

आजीच्या घरी कणग्यांची खोली होती, आठवते? किल्ली आजीच्या कमरेला. सुनेने कितीही रांधायचं ठरवलं, तरी आजीने कुलूप काढल्याशिवाय पायलीभर ज्वारी बाहेर यायची नाही. आपल्या शरीरातही अशी एक आजी आहे. तिचं नाव हेप्सिडिन. यकृतात तयार होतं. ते वाढलं की साठ्याचं दार बंद होतं, आतड्यातलंही बंद. हे कळलं तेही अलीकडे, २०००-२००१ च्या सुमारास. तू दहावीला होतीस तेव्हा.

आजी कुलूप का लावते? घरात चोर शिरल्याची कुणकुण लागली म्हणून. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. तेव्हा शरीरात कुठे जंतुसंसर्ग झाला, सूज आली, की शरीर पहिलं काम करतं ते लोह कुलपात टाकण्याचं. चार दिवसांच्या तापात हे शहाणपणच आहे. पण क्षयासारखं दुखणं महिनोन्महिने मुरत राहिलं, किंवा आमवातासारखं झालं, जिथे चोर नाहीच आणि शरीर आपल्याच सांध्यांवर काठी उगारून बसलंय, तर ते कुलूप निघतच नाही. कणगी भरलेली आणि चुलीवर आधण रिकामं उकळतंय. वरून लोहाच्या गोळ्या म्हणजे बंद दारापुढे पोती आणून टाकणं. आतड्याच्या पेशी त्यातलं थोडं धरून ठेवतात आणि चार-पाच दिवसांत गळून जातात, लोहासकट.

आता तुझा कागद घे.

फेरिटिन म्हणजे कणगीत धान्य किती. सिरम आयर्न म्हणजे या घडीला रस्त्यावर किती माल आहे. तो आकडा सकाळी एक, संध्याकाळी दुसरा आणि गोळी घेतल्यावर तिसराच, म्हणून एकट्या त्याच्यावर कधी विसंबू नकोस. लोह वाहून नेणाऱ्या बैलगाड्या असतात, ट्रान्सफेरिन नावाच्या. टीआयबीसी म्हणजे सगळ्या गाड्या मिळून किती माल नेऊ शकतील. आणि सॅच्युरेशन म्हणजे शंभरातल्या किती गाड्या भरलेल्या. ते २० च्या खाली गेलं की समजायचं, रक्त तयार होतं त्या हाडांच्या मगजाला लोह पुरेसं पोचत नाहीये.

गेल्या वर्षीचा वहिनीचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. तुझ्या शेजारी ठेवून बघू. वहिनीचं हिमोग्लोबिन ९.२, तुझं ९.४, म्हणजे वरून दोघी सारख्याच. वहिनीचं फेरिटिन ६, कणगीचा तळ खरवडलेला. सिरम आयर्न २४. टीआयबीसी ४५२, कारण धान्य संपलं तसं शरीराने गावभर गाड्या पाठवल्या, कुठून तरी आणा म्हणून. सॅच्युरेशन ५. पेशीचं आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ६८. ८० च्या खाली म्हणजे पेशी बारीक. हे निखळ लोह कमी असणं. तिची पाळी महिन्याला आठ-आठ दिवस जात होती, गर्भाशयात गाठ निघाली. गाठीवर इलाज झाला, गोळ्या घेतल्या आणि तीन महिन्यांत ती १२ च्या वर आली. पुढे आणखी तीन महिने डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या, कणगी भरायला.

आता तुझं. सिरम आयर्न ३२, तेही कमीच. पण टीआयबीसी २३८, म्हणजे गाड्याही कमी केलेल्या. सॅच्युरेशन १३. एमसीव्ही ८२, पेशी जवळपास नेहमीच्या मापाच्या. आणि फेरिटिन १६८. रस्त्यावर माल नाही, गाड्या कमी, कणगी भरलेली. वहिनीच्या आणि तुझ्या रिपोर्टात हिमोग्लोबिन, सिरम आयर्न आणि सॅच्युरेशन कमी, एवढं सोडलं तर काहीच जुळत नाही. तुझ्या कागदावर अगदी खाली ईएसआर, म्हणजे सुजेचा अंदाज देणारा आकडा, ६२ लिहिलाय, पुढे वर तोंड केलेला बाण आहे. तो तू पाहिलाच नाहीस, फोटोतही तुझा अंगठा अर्धवट आलाय त्यावर.

फेरिटिनची आणखी एक खोड ध्यानात ठेव. सूज असली की ते नुसत्या सुजेनेही वाढतं. म्हणजे सुजेच्या दिवसांत कणगी बाहेरून फुगलेली दिसते, आत धान्य असो-नसो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दोन वेगळी मापं सांगितली. धडधाकट मोठ्या माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली गेलं तर लोह कमी. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर ७० च्या खाली गेलं तरी लोह कमी समजा. लॅबचा बाण हे बघत नाही. सूज असलेल्या बाईचं फेरिटिन ४५ आलं तर कागदावर बाण येणार नाही, पण तिच्या कणगीत धान्य नसू शकतं. आपल्याकडच्या कित्येक जणींना दोन्ही एकदम असतं. पाळीचा रक्तस्रावही जास्त आणि सांधेही सुजलेले. तेव्हा सूज मोजल्याशिवाय फेरिटिन वाचायचं नाही. त्यासाठी सीआरपी नावाची साधी तपासणी असते. ईएसआर नुसत्या रक्त कमी असण्यानेही थोडं वाढतं, सीआरपी जास्त भरवशाचं. आणि मागच्या पंधरा दिवसांत डेंग्यू, टायफॉइड, दाढेचं गळू असं काही झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांग. ते उतरल्यावर महिन्याभराने फेरिटिन पुन्हा करायला सांगतील.

आता खाण्याचं. तुझ्या शेजारणीने बीट सुचवलं, लाल म्हणून. बीट खा, वाईट काही नाही, पण शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. रंग लाल म्हणून रक्त वाढत असतं तर आपल्या तिखटाने वाढलं असतं. त्यापेक्षा बाजरीची भाकरी बरी. शंभर ग्रॅम बाजरीत साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. तुझ्या धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर संशोधन चालतं. इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘धनशक्ती’ नावाची जास्त लोहाची बाजरी २०१२ साली महाराष्ट्रात आणली. लोह वाढवलेल्या बाजरीच्या भाकरी आपल्या राज्यातल्या १२ ते १६ वयाच्या २४६ शाळकरी मुलांना देऊन पाहिल्या, निष्कर्ष २०१५ साली छापून आले. चार महिन्यांत मुलांचं फेरिटिन वाढलं होतं. भाकरीवर लिंबू पीळ आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, तासभर जाऊ दे. आपली खानदेशी सवय वाईट आहे, शेवटचा घास आणि पहिला घोट एकत्रच!

पण हे सगळं उघड्या दाराला. कुलूप असताना भाकरीचंही तेच होतं जे गोळीचं होतं. जेवण नीट ठेव, मात्र त्याच्यावर विसंबून डॉक्टर लांबवू नकोस.

गोळीचीही एक गंमत सांगते. सूज नसलेल्या बाईनेही गोळी घेतली की दिवसभर हेप्सिडिन वाढतं, आजी सावध होते. म्हणून झुरिचच्या संशोधकांनी तपासून पाहिलं आणि २०१७ साली छापलं, की लोह कमी असलेल्या बायकांमध्ये रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं गेलं. हे वाचून स्वतःच दिवस बदलायचे नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. तुझ्या नणंदेला सातवा महिना आहे, तिला तर यातलं अक्षरही सांगू नकोस. गरोदरपणातली सरकारी लाल गोळी रोज, १८० दिवस घ्यायची असते, ती तिने घ्यावीच. त्या गोळीत लोहाच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि त्याची गोष्ट तर मुंबईची. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. तिथल्या गिरणी कामगार बायका गरोदरपणात पांढऱ्या पडत होत्या. तिने शोधून काढलं की यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलेट, हे पुढे कळलं. रक्त कमी असण्याची कारणं वेगवेगळी असतात, हे आपल्याच राज्यात कळून शंभर वर्षं होत आली.

आपल्या भागापुरती आणखी दोन कारणं सांगते, तुझ्या शाळेतल्या मुलींसाठी. शिरपूर, चोपडा, यावल, सगळा सातपुड्याचा पायथा. तिथल्या भिल्ल-पावरा घरांतून सिकलसेल आढळतो. एखादी मुलगी सतत फिकी, वारंवार हाडं दुखतात म्हणते, तर तिला गोळ्यांवर ठेवण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यायला सांग. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे. दुसरं थॅलेसेमिया मायनर. पेशी बारीक, पण लाल पेशींची संख्या भरपूर आणि फेरिटिन ठीक, असा रिपोर्ट आला की तो संशय घ्यायचा. सिंधी, लोहाणा समाजात त्याचं प्रमाण जास्त. अशांना लोह कमी नसताना वर्षानुवर्षं लोह देत राहणं बरं नव्हे, कारण जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही.

आता गुरुवारी तू डॉक्टरांकडे जाशील, त्याचं. डॉक्टरांपुढे जाऊन ‘थकवा येतो, टॉनिक द्या’ म्हणू नकोस. आधी सकाळच्या हातांचं सांग. कुठली बोटं, दोन्ही हातांची का, गरम पाण्याने बरं वाटतं का. मला आमवात आहे हेही सांग, सख्ख्या बहिणीला असला की दुसरीला होण्याची शक्यता वाढते. मग विचार, ‘ही रक्ताची कमतरता सुजेमुळे असेल का? सीआरपी करू का? आमवाताच्या आरएफ आणि अँटी-सीसीपी तपासण्या लागतील का?’ मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन लागेल का तेही विचार, कारण मूत्रपिंड थकलं तरी रक्त कमी होतं आणि त्याचे इलाज वेगळे. संध्याकाळी ताप, वजन उतरणं, दोन आठवड्यांवर खोकला यातलं काही असेल तर लपवू नकोस, क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. शिरेतून लोह द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. कुणाला सलाइन लावून बरं वाटलं म्हणून आपण मागायचं नसतं. आणि चार पायऱ्यांत धाप लागली, छातीत दुखलं, किंवा गोळ्या बंद असूनही डांबरासारखं काळं शौचाला झालं, तर गुरुवारची वाट न बघता हिरे मेडिकल कॉलेजच्या इमर्जन्सीत जा.

जावईबापूंनाही एक सांगून ठेव. पुरुषाचं लोह कमी निघालं, किंवा पाळी गेलेल्या बाईचं, तर ते सहसा जेवणामुळे नसतं. पोटातून कुठे रक्त जातंय का ते आधी शोधायचं असतं. गोळ्या खाऊन आकडा सुधारला म्हणून तिथे थांबायचं नाही.

मला माहीत आहे, तू म्हणशील, ताई उगाच घाबरवते. तुझे हात खरंच झोपेत अवघडले असतील. तसं असेल तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. तुझ्या रक्ताचं कारण दुसरंच काही निघू शकतं, ते शोधायचं काम डॉक्टरांचं. पण आठ महिने बंद दारापुढे पोती टाकत बसले मी, आणि तेवढ्या दिवसांत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली. ती आता सरळ होत नाहीत. रक्त भरून आलं, बोटं राहिली.

म्हणून आजपासून गुरुवारपर्यंत एवढंच कर. सकाळी डोळे उघडले की आधी घड्याळ बघ. मग मूठ वळून बघ. पूर्ण वळेल तेव्हा पुन्हा घड्याळ बघ आणि मधली मिनिटं मला लिहून पाठव. पोहे झाले, दूध तापलं असं सांगू नकोस, मिनिटं सांग. त्या आकड्यापुढे कुठलीच लॅब बाण काढून देत नाही.

तुझी,
ताई
जळगाव